कोकणातून बोटीवर जाताना: परदेशी जहाज कंपन्यांची भरती आणि गळती यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ, जयगड, राजिवडा, देवगड या पट्ट्यात ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाला ‘बोटीवर असतो’ हे उत्तर पिढ्यान्पिढ्या ऐकू येतं. भरतीची रीत मात्र बदलली आहे आणि फसवणुकीच्या वाटाही वाढल्या आहेत. खालची उत्तरं मुख्यतः खलाशी वर्गासाठी, म्हणजे डेक, इंजिन आणि गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघरात) काम करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहेत.

परदेशी कंपनी थेट नोकरी देते का? मध्ये एजन्सी कशाला?

जहाजाचा मालक एका देशातला, जहाजाचा झेंडा पनामा, लायबेरिया किंवा मार्शल आयलंड्सचा, जहाज चालवणारी व्यवस्थापन कंपनी तिसऱ्याच देशात आणि माणसं भरणारं ऑफिस मुंबईत, अशी ही रचना असते. भारतातून परदेशी जहाजावर माणूस पाठवायचा तर त्या ऑफिसकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाचा, परवाना लागतो. या परवान्याला सगळे ‘आरपीएसएल’ म्हणतात आणि तो २०१६ च्या नियमांखाली दिला जातो. मोठ्या कंपन्यांची स्वतःची परवानाधारक ऑफिसं असतात, छोट्या कंपन्या दुसऱ्या परवानाधारकामार्फत भरती करतात. त्यामुळे मध्ये एजन्सी असणं यात वावगं काही नाही. वावगं असतं ते परवाना नसलेला माणूस मध्ये असणं. मग तो गावचा असो, नात्यातला असो किंवा स्वतः वीस वर्षं बोटीवर काढलेला असो.

एजन्सी खरी की खोटी, हे घरबसल्या कसं ओळखायचं?

परवाना क्रमांक मागा. मुंबईच्या एजन्सीच्या क्रमांकात ‘आरपीएसएल’नंतर ‘एमयूएम’ ही अक्षरं येतात. तो क्रमांक डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः शोधा. तिथला पत्ता आणि दूरध्वनी तुमच्याशी बोलणाऱ्या माणसाच्या पत्त्याशी जुळतो का ते पाहा आणि फोन यादीतल्या क्रमांकावर करा, व्हॉट्सॲपवर आलेल्या क्रमांकावर नाही. खऱ्या एजन्सीचं नाव आणि लोगो उचलून भलत्याच माणसाने भरती दाखवणं हा फसवणुकीचा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

त्यानंतर जहाजाचं नाव आणि सात आकडी आयएमओ क्रमांक विचारा. जहाजाचं नाव बदलतं, हा क्रमांक बदलत नाही. ‘इक्वासिस’ या मोफत संकेतस्थळावर नोंदणी करून क्रमांक टाकला की मालक, व्यवस्थापक, जहाजाचं वय आणि कोणत्या बंदरात जहाज त्रुटींमुळे अडकवलं होतं, ते दिसतं. जहाजाचं नाव ‘तिकडे गेल्यावर कळेल’ असं सांगणाऱ्याबरोबर पुढचं बोलणंच करू नका. पर्यटक व्हिसावर दुबईला किंवा इराणला नेऊन तिथून जहाजावर चढवतो, असं कुणी म्हणालं तरी तेच. अशा वाटेने गेलेल्या माणसाची नोंद इथे कुठेच नसते आणि अडकल्यावर त्याला शोधायला सुरुवात कुठून करायची, हेही घरच्यांना कळत नाही.

नोकरीसाठी पैसे किती द्यावे लागतात?

काहीच नाही. २००६ च्या सागरी कामगार करारनाम्यात, ज्याला बोटीवर ‘एमएलसी’ म्हणतात, हे स्वच्छ लिहिलं आहे: भरतीचं शुल्क खलाशाकडून थेट घ्यायचं नाही आणि दुसऱ्या कुठल्या नावानेही घ्यायचं नाही. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) आणि सरकारमान्य वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च तेवढा तुमचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा, जहाजापर्यंतच्या विमान तिकिटाचा खर्चही कंपनीचा. भारताने हा करारनामा २०१५ मध्ये मान्य केला आहे.

तरीही ‘सर्व्हिस चार्ज’, ‘डिपॉझिट’, ‘सीट पक्की करायचे’ अशा नावांनी रक्कम मागितली जाते आणि आंब्याच्या कलमांवर नाहीतर घरच्या दागिन्यांवर कर्ज काढून ती दिलीही जाते. यातली व्यवहाराची बाजू नीट समजून घ्या. ज्या कंपनीत माणसं टिकतात तिला चांगल्या माणसाची गरज असते. ती त्याच्याकडून पैसे का मागेल? जागा विकली जाते ती बहुधा अशा जहाजावरची, जिथे माहितगार माणूस दुसऱ्यांदा जात नाही.

दहावी झाली आहे. सुरुवात कुठून?

खलाशी म्हणून नेहमीची वाट सहा महिन्यांच्या निवासी जीपी रेटिंग कोर्सची, म्हणजे डेक आणि इंजिन दोन्हींच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणाची. विज्ञान, गणित, इंग्रजी घेऊन दहावी आणि साधारण साडेसतरा ते पंचवीस हे वय लागतं. प्रवेशाच्या वेळी डीजी शिपिंगचे चालू निकष पाहा आणि संस्था त्यांच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का तेही पाहा. रायगड जिल्ह्यात न्हावा इथलं ‘ट्रेनिंग शिप रहमान’ ही या कामातली जुनी संस्था.

फी भरण्याआधी एक काम करा. डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे डोळे आणि विशेषतः रंगांची ओळख तपासून घ्या. रात्री समोरच्या जहाजाचा लाल आणि हिरवा दिवा ओळखता आला नाही तर डेकवर काम मिळत नाही. हा दोष औषधाने जात नाही आणि कोर्सची फीही परत येत नाही.

संस्था नोकरीची ‘शंभर टक्के हमी’ देत असेल तर गेल्या दोन तुकड्यांतल्या मुलांची नावं मागून त्यांच्याशीच बोला. कोर्स संपल्यावर पहिलं जहाज मिळणं हा या धंद्यातला सगळ्यात अवघड टप्पा आहे. दलाल नेमके तिथेच उभे असतात.

घरची होडी आहे, लहानपणापासून मासेमारी केली आहे. हा अनुभव धरतात का?

मासेमारी नौकेवरचे महिने व्यापारी जहाजाच्या ‘सी टाइम’मध्ये, म्हणजे समुद्रावरच्या नोंदलेल्या सेवेत, सहसा धरत नाहीत. पण दोर हाताळणं, वारा-पाण्याचा अंदाज, बोट न लागणं, रात्री जागून काम करण्याची सवय, हे मुलाखतीत जरूर सांगा. भरती करणाऱ्याला ठाऊक असतं की पहिल्या करारातून पळून येणारी बरीच मुलं समुद्रच पहिल्यांदा पाहत असतात.

कागदपत्रं कोणती आणि अडकतं कुठे?

पासपोर्ट, इंडोस क्रमांक (खलाशाचा सरकारी ओळख क्रमांक), सीडीसी, एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमावलीचे मूलभूत कोर्स (जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षितता, शिवाय जहाजाच्या सुरक्षेचा कोर्स), वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पीतज्वराची लस. टँकरवर जायचं तर त्याचा वेगळा कोर्स.

सगळ्यात जास्त अडकतं ते नावावर. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एक, पासपोर्टवर दुसरं, वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही. हे सीडीसी काढण्याआधीच दुरुस्त करा, नंतर प्रत्येक कागद बदलावा लागतो. दुसरी अडचण मुदतीची. वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त २ वर्षं चालतं, तर जीव वाचवण्याच्या आणि आगीच्या कोर्सची उजळणी दर ५ वर्षांनी करावी लागते. करार ९ महिन्यांचा आणि प्रमाणपत्राची मुदत ४ महिन्यांत संपणार असेल तर कंपनी घेत नाही. पीतज्वराची लस आयुष्यभर चालते, पण टोचल्यानंतर १० दिवसांनीच वैध धरली जाते. उद्याचं विमान असताना आज टोचून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची. जॉइनिंगचा फोन कधीकधी ४८ तास आधी येतो. जुलैमध्ये घाटात दरड आली किंवा कोकण रेल्वे उशिरा धावली म्हणून विमान चुकलं, तर पहिल्याच भेटीत नाव खराब होतं. पावसाळ्यात तारीख जवळ आली की दोन दिवस आधीच मुंबई गाठा. वाडीत मोबाइलला रेंज नसेल तर एजन्सीला घरचा किंवा शेजारचा दुसरा क्रमांक देऊन ठेवा. फोन लागला नाही की जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाते.

मुलाखतीत काय विचारतात?

इंग्रजी समजतं का हे आधी पाहतात. अनेक कंपन्या संगणकावर मार्लिन्स ही इंग्रजीची चाचणी घेतात. व्याकरणापेक्षा हुकूम ऐकून नेमकं तेच करणं आणि न समजल्यास पुन्हा विचारणं महत्त्वाचं. मग कामाचे प्रश्न: बोलाईन गाठ मारून दाखवा, विजेच्या आगीवर कोणतं अग्निशामक वापराल, दोर ताणलेला असताना कुठे उभं राहायचं नाही, बंद टाकीत कुणी बेशुद्ध दिसला तर काय कराल? या शेवटच्या प्रश्नात अनेक जण ‘लगेच उतरून बाहेर काढीन’ म्हणतात आणि नापास होतात. बरोबर उत्तर: आत न जाता आरडाओरड करून मदत बोलवायची, अलार्म द्यायचा. टाकीत प्राणवायू साधारण २१ टक्के आहे आणि विषारी वायू नाही, हे मीटरने तपासल्याशिवाय आणि श्वसनसंच असलेल्या पथकाशिवाय उतरायचं नाही. वाचवायला उतरलेला माणूसच मरतो, असं जहाजांवर पुन्हा पुन्हा घडलं आहे.

मागची कंपनी का सोडली, हा प्रश्न अनुभवी माणसाला हमखास येतो. खरं कारण दोन वाक्यांत सांगा. सीडीसीवरच्या तारखा समोर असतात, तिथे लपवाछपवी चालत नाही.

करारात काय वाचायचं?

सही करण्याआधी करार वाचण्याचा आणि कुणाला तरी दाखवून सल्ला घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. मुंबईच्या ऑफिसात ‘घाई आहे, सही कर’ म्हणाले तरी अर्धा तास मागा. जहाजाचं नाव, तुमचा हुद्दा, मूळ पगार आणि जादा कामाचा हिशोब वेगवेगळा, कराराचा कालावधी, रजा, परत पाठवण्याची अट, नोटिशीची मुदत आणि अपघात-मृत्यूची भरपाई इतकं त्यात असलंच पाहिजे. ‘९ अधिक-उणे १ महिना’ लिहिलं असेल तर कंपनी आठव्या महिन्यातही उतरवू शकते आणि दहाव्यातही. सही केलेली प्रत तुमच्याजवळ हवी, तिचा फोटो घरी पाठवा. मुंबईत एक करार आणि जहाजावर चढल्यावर कमी पगाराचा दुसरा करार पुढे आला, तर सही न करता लगेच एजन्सीला लेखी कळवा.

पगार कसा ठरतो? सुट्टीत पगार चालू राहतो का?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या चौकटीत एबी (अनुभवी, प्रमाणित) खलाशाचा किमान मूळ पगार ठरतो. १ जानेवारी २०२५ पासून तो महिना ६७३ डॉलर होता. हा आठवड्याच्या ४८ तासांचा दर. महिन्याचे २०८ तास धरले तर तासाला सुमारे ३.२४ डॉलर पडतात, आणि जादा तासाला किमान सव्वापट धरावं अशी शिफारस असल्याने ४.०४ डॉलर. वर रजेचा पगार वेगळा. दर महिन्याला किमान अडीच दिवस रजा साठते. ही तळाची रेघ आहे. खलाशी संघटनेचा करार असलेल्या जहाजांवर आकडा याहून बराच वर असतो.

घरच्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट ही की बहुतेक खलाशांना जहाजावरून उतरल्यावर पगार नसतो. रजेचे पैसे महिन्याच्या पगारातच मिळून येतात किंवा उतरताना एकरकमी मिळतात. म्हणून ९ महिन्यांचे पैसे १२ किंवा १३ महिन्यांना पुरवायचे, हे धरूनच घराचा हप्ता ठरवा. घरी किती पाठवायचे ते ‘अलॉटमेंट’च्या अर्जावर चढण्याआधीच लिहून द्या.

कंपन्यांना वर्षभर माणसं का लागतात? खूप लोक सोडतात म्हणून का?

तेवढंच कारण नाही. जहाजावर २२ माणसं असतील आणि ६ महिने काम, ३ महिने सुट्टी असं चक्र असेल, तर त्या एका जहाजासाठी ३३ माणसं बांधलेली लागतात. २२ जहाजावर, ११ घरी. आजारपण, कोर्स, लग्न धरून कंपनी आणखी थोडी माणसं ठेवते. यादी फार फुगली की घरी बसणं लांबतं, मग वाट पाहून कंटाळलेला माणूस दुसरीकडे जातो. फार आटली की रिलीव्हर, म्हणजे जागी येणारा बदली माणूस, मिळत नाही आणि जहाजावरचा माणूस अडकतो. क्रूइंगचं, म्हणजे जहाजाला माणसं पुरवण्याचं, खरं कसब या दोन टोकांच्या मध्ये यादी राखण्यात आहे.

गळती मोजतात कशी? मला तो आकडा कळू शकतो का?

टँकर कंपन्यांत ‘इंटरटँको’ या टँकरमालकांच्या संघटनेचं सूत्र चालतं. वर्षात सोडून गेलेल्यांच्या एकूण संख्येतून टाळता न येणारे (निवृत्ती, दीर्घ आजार, मृत्यू) आणि कंपनीलाच नको असलेले वजा करायचे. उरलेल्या संख्येला त्या काळातल्या सरासरी कर्मचारीसंख्येने भागून १०० ने गुणायचं आणि येणारा आकडा १०० तून वजा करायचा. समजा सरासरी ४०० माणसं, ७० गेली, त्यांतली १२ टाळता न येणारी आणि ८ नको असलेली. उरली ५०. म्हणजे १२.५ टक्के गळती आणि टिकण्याचं प्रमाण ८७.५ टक्के. तेल कंपन्या टँकर भाड्याने घेताना व्यवस्थापकाचं जे मूल्यमापन पाहतात, त्यात माणसांची भरती आणि टिकणं हा स्वतंत्र भाग आहे. म्हणून टँकरवाले हा आकडा गांभीर्याने घेतात.

आकड्यात एक पळवाट आहे. ‘नको असलेले’ हा रकाना कंपनी स्वतः भरते. तो फुगवला की टिकण्याचं प्रमाण छान दिसतं. म्हणून मुलाखतीत आकडा जरूर विचारा, पण त्यावर थांबू नका. त्या कंपनीच्या जहाजावरून उतरलेल्या दोघा-तिघांना गाठून विचारा: पगार कोणत्या तारखेला आला? रिलीव्हर किती दिवस उशिरा आला? परत बोलावलं का, आणि तुम्ही गेलात का? चार जणांपैकी तीन जण दुसऱ्या, तिसऱ्या करारावर असतील तर कंपनी चांगली. आपल्या किनाऱ्यावर अशी माणसं शोधायला शेजारच्या वाडीपलीकडे सहसा जावं लागत नाही.

लोक कंपनी सोडतात ती नेमकी कशामुळे?

पगाराचा आकडा हे कारण वाटतं तितकं मोठं नाही. पगार उशिरा येणं हे मोठं आहे. दोन महिने पैसे थांबले की घरचा दुकानदार आणि बँक थांबत नाही, आणि समुद्रावरच्या माणसाला काही करता येत नाही.

त्याच्या बरोबरीने येतो रिलीव्हरचा उशीर. साडेआठ महिने झाले, गणपतीला घरी येतो असं आईला सांगून झालं, आणि ‘पुढच्या बंदरात’ असा निरोप येतो. मग त्याच्या पुढच्या बंदरात. भाद्रपद आणि शिमगा या दोन तारखा कोकणातल्या खलाशासाठी काय आहेत, हे ओळखून यादी आखणाऱ्या ऑफिसाला इथली माणसं सोडत नाहीत. सगळ्यांना एकाच वेळी उतरवता येत नाही हेही खरंच. म्हणून यंदा ज्याला गणपती मिळाला नाही त्याला पुढच्या वर्षी आधी, असं चक्र लावणं कंपनीच्या हातात असतं. तुम्हीही तारीख चढतानाच लेखी मागा, सातव्या महिन्यात नाही.

तिसरं कारण विश्रांती. नियम सांगतो की कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत ७७ तास विश्रांती हवी. २४ तासांतली विश्रांती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत नको आणि त्यातला एक तुकडा किमान ६ तासांचा हवा. माणसं कमी आणि बंदरं जवळजवळ असली की कागदावर १० तास दिसतात, प्रत्यक्षात झोप होत नाही. असा खोटा तक्ता भरून सही करायला लावणारं जहाज माणसाला एका करारात दमवतं.

मग बढती. ओएसचा (कनिष्ठ खलाशाचा) एबी व्हायला लागणारा समुद्रकाळ आणि प्रमाणपत्र हातात असूनही तिसऱ्या करारात तोच हुद्दा मिळाला, तर माणूस जाणारच आणि त्याने जावंही. वरिष्ठांची शिवीगाळ आणि एकाच भाषेच्या टोळक्यात एकटं पडणं यामुळेही चांगली पोरं पहिल्या करारानंतर घरी बसतात. इंटरनेट ही आता चैन राहिलेली नाही. एमएलसीच्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांत जहाजावर संपर्काची सोय देण्याची तरतूद आहे. घरच्यांचा आवाज रोज ऐकू येणारा माणूस शेवटचे दोन महिने शांतपणे काढतो.

करार लांबवून किती काळ ठेवू शकतात?

सलग १२ महिन्यांपेक्षा कमी. वर्षाची रजा धरली तर व्यवहारात ११ महिने ही कमाल मानतात. त्यानंतर बंदरातले तपासनीस जहाजाला जाब विचारू शकतात.

करार अर्धवट सोडून उतरलो तर?

नोटीस द्यावी लागते. ती ७ दिवसांपेक्षा कमी नसते, करारात बहुधा एक महिना असतो. घरी मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर कमी नोटिशीत आणि दंडाशिवाय उतरता येतं. डॉक्टरचा कागद घरच्यांनी लगेच एजन्सीला पाठवावा. कारण योग्य नसेल तर परतीचं तिकीट आणि कधी रिलीव्हरचा खर्चही अंगावर पडू शकतो. कप्तानाशी भांडण झालं म्हणून रागाने राजीनामा लिहू नका, आधी जहाजावरच्या तक्रार पद्धतीने लेखी तक्रार द्या. काळी यादी करायला एमएलसीने मनाई केली आहे. तेव्हा ‘तुझं नाव सगळीकडे खराब करू’ या धमकीने तक्रार मागे घेऊ नका.

कंपनी बदलत राहावी का?

पहिले दोन-तीन करार शक्यतो एकाच ठिकाणी करा. बढतीसाठी ओळख आणि अहवाल लागतात, दर करारात नवी कंपनी दिसली की मुलाखत घेणारा साशंक होतो. पगार थांबणं किंवा सुरक्षेत हयगय असेल तर मात्र एक करारही जास्तच. ऐंशी-शंभर डॉलर जास्त मिळतात म्हणून उडी मारण्याआधी वर्षाचा हिशोब करा. नव्या ठिकाणी दोन महिने जास्त घरी बसावं लागलं तर वाढ त्यातच संपते.

मुलींना घेतात का?

घेतात. डेक, इंजिन आणि क्रूझ जहाजांवरच्या सेवेतही. कंपनी निवडताना जहाजावर आणखी एखादी स्त्री कर्मचारी असेल का, स्वतंत्र बाथरूम असलेली केबिन मिळेल का आणि छळाची तक्रार किनाऱ्यावरच्या कोणत्या अधिकाऱ्याकडे थेट करायची, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

पगार थांबला, मालक फोन उचलत नाही. जहाजावरच्याने आणि घरच्यांनी काय करायचं?

किमान दोन महिन्यांचा पगार थकवून मालकाने संबंध तोडला, किंवा अन्न, पाणी, इंधन देणं थांबवलं, किंवा घरी पाठवण्याचा खर्च नाकारला, की नियमाच्या भाषेत जहाज ‘सोडून दिलेलं’ ठरतं. २०२४ मध्ये अशा जहाजांवर अडकलेल्यांत भारतीय सर्वाधिक होते. २०१७ पासून एमएलसी लागू असलेल्या प्रत्येक जहाजाला यासाठी विमा किंवा आर्थिक हमी ठेवावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असं लावावं लागतं. ती हमी ४ महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि घरी परतण्याचा खर्च देते. चढल्या दिवशीच त्या प्रमाणपत्राचा फोटो काढून घरी पाठवा. त्यावर विमा देणाऱ्याचा संपर्क असतो आणि पैसे तिथूनच येतात.

चार महिन्यांचीच मर्यादा असल्यामुळे ‘मालक देतो म्हणाला’ म्हणून सहा-आठ महिने गप्प बसलेल्याचे वरचे महिने बुडू शकतात. दुसरा महिना कोरडा गेला की लेखी कळवायला सुरुवात करा: एजन्सी, डीजी शिपिंग, जहाजाच्या झेंड्याच्या देशाचं प्रशासन, जवळच्या बंदरातला आयटीएफचा (वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा) निरीक्षक आणि त्या देशातला भारतीय दूतावास. घरच्यांनी इथून करायचं काम म्हणजे कराराची प्रत, सीडीसी-पासपोर्टच्या प्रती, जहाजाचा आयएमओ क्रमांक, शेवटचा पगार जमा झाल्याचं बँकेचं पान आणि मुलाचे संदेश एकत्र करून डीजी शिपिंगकडे आणि खलाशी संघटनेकडे तक्रार देणं. ज्या परवानाधारक एजन्सीने पाठवलं तिला जबाबदारी टाळता येत नाही, म्हणून तक्रारीत तिचा परवाना क्रमांक पहिल्या ओळीत लिहा. जहाज सोडून परस्पर किनाऱ्यावर उतरू नका. त्या देशात ते बेकायदा ठरू शकतं आणि पगाराचा दावाही कमकुवत होतो.